निष्ठा कुणाशी? पुणे करारापासून भंडाऱ्यापर्यंतचा हिशेब

जून २०२२ पासून महाराष्ट्राच्या राजकारणात दोन शब्दांचा नुसता पूर आला आहे. एक ‘गद्दार’ आणि दुसरा ‘निष्ठावंत’. खोक्यांच्या घोषणा विधानभवनाच्या पायऱ्यांवर झाल्या, खरा पक्ष कोणाचा आणि खरा वारसदार कोण याचे खटले निवडणूक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या भांडणाशी आपला समाज म्हणून थेट संबंध नाही. पण ती भाषा मात्र आपल्या वस्त्यांत केव्हाच शिरली आहे. बुद्धविहाराच्या ओट्यावर बसलेली पोरे आज एकमेकांच्या नेत्याला गद्दार म्हणतात आणि आपल्या नेत्याला निष्ठावंत. कोण कोणाशी निष्ठावंत, असे विचारले की दोन्हीकडचे उत्तर एकच येते: “साहेबांशी.”

आमचा मुद्दा इथून सुरू होतो. निष्ठा आणि प्रामाणिकपणा या एकच गोष्ट नाहीत. एखादा माणूस आपल्या मालकाशी शंभर टक्के एकनिष्ठ असू शकतो आणि आपल्या समाजाशी शंभर टक्के अप्रामाणिक. उलट एखादा तीन वेळा मित्र बदलतो, तरी त्याचा हिशेब चोख असतो. आंबेडकरी चळवळीचा इतिहास या दोन्ही प्रकारच्या माणसांनी भरलेला आहे. तो नीट वाचला नाही तर आपण शिव्या देत राहू आणि पुन्हा तेच तेच करार होत राहतील.

सुरुवात पुणे करारापासून करावी लागते, कारण निष्ठेचा प्रश्न तिथे स्वभावाचा न राहता व्यवस्थेचा झाला. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात करार झाला. जातीय निवाड्यात प्रांतिक विधिमंडळांत ७१ जागा होत्या, करारात त्या १४८ झाल्या. जागा दुपटीहून जास्त झाल्या हे खरे. पण निवडून देणारा बदलला. आधी अस्पृश्यांनी स्वतः चार उमेदवारांची प्राथमिक निवड करायची आणि मग त्या चौघांतला एक सर्व मतदारांनी मिळून निवडायचा, अशी ती पद्धत होती. म्हणजे अस्पृश्यांच्या पसंतीत पहिला आलेला माणूस पडू शकत होता आणि चौथा आलेला सवर्ण मतांवर निवडून येऊ शकत होता. १९४५-४६ च्या निवडणुकीत नेमके हेच अनेक ठिकाणी घडले. प्राथमिक फेरीत शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा उमेदवार पुढे, अंतिम फेरीत काँग्रेसचा विजयी. अखिल भारतीय पातळीवर १५१ राखीव जागांपैकी फेडरेशनच्या हाती फक्त दोन आल्या.

आता अशा पद्धतीतून निवडून आलेल्या आमदाराने कोणाशी निष्ठा ठेवावी? ज्याच्या मतावर खुर्ची आहे त्याच्याशी. त्याला नुसते शिव्या देऊन काय उपयोग? समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला ‘संरचना’ नावाचा शब्द शिकवला होता. त्याचा अर्थ आम्हाला पुस्तकात कळला नाही, तो वॉर्डातल्या राखीव जागेवर निवडून आलेल्या नगरसेवकाकडे पाहून कळला. माणूस भला होता. फक्त कोणत्याही ठरावावर हात वर करण्याआधी तो समोर बसलेल्या आपल्या पक्षाच्या गटनेत्याकडे बघत असे.

या व्यवस्थेत सगळेच लबाड होते असे मात्र नाही. पालवणकर बाळू हे त्या काळचे भारतातले नावाजलेले गोलंदाज. चांभार समाजातले, अपमान पचवून मोठे झालेले. बाबासाहेबांनीही त्यांचा एकेकाळी अभिमान बाळगला होता. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांनाच मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले. बाळू हरले. त्यांना गद्दार म्हणणे आम्हाला पटत नाही. ते गांधीजींवर मनापासून श्रद्धा ठेवणारे गृहस्थ होते. प्रश्न त्यांच्या श्रद्धेचा नाही. अस्पृश्य समाजातल्या सर्वात मोठ्या नेत्याला पाडण्यासाठी अस्पृश्य समाजातलाच सर्वात लोकप्रिय माणूस शोधून काढणाऱ्या डोक्याचा आहे.

मद्रासचे एम. सी. राजा यांची गोष्ट याहून बोलकी आहे. १९३२ साली त्यांनी हिंदू महासभेच्या डॉ. मुंजे यांच्याशी करार करून संयुक्त मतदारसंघांना संमती दिली. बाबासाहेब लंडनमध्ये स्वतंत्र मतदारसंघ मागत होते आणि इकडे राजा-मुंजे करार विरोधकांच्या हातात आयता पुरावा झाला. पुढे १९३७ मध्ये मद्रासमध्ये राजाजींचे काँग्रेस सरकार आले. राजांनी १९३८ मध्ये मंदिर प्रवेशाचे विधेयक मांडले. ज्या काँग्रेसने हरिजनांसाठी मंदिरे उघडू असे देशभर सांगितले होते, तिच्याच मुख्यमंत्र्यांनी त्याला विरोध केला आणि संपूर्ण प्रांताऐवजी फक्त मलबारपुरते वेगळे विधेयक पुढे केले. राजा हताश झाले. मार्च १९४२ मध्ये क्रिप्स दिल्लीत आले, तेव्हा त्यांच्यासमोर बाबासाहेबांच्या शेजारी बसून अस्पृश्यांची बाजू मांडणारे दुसरे गृहस्थ एम. सी. राजाच होते. दहा वर्षे उशीर झाला, पण ज्याच्यावर विश्वास टाकला त्याने शब्द पाळला नाही हे त्यांना कळले आणि ते परत आले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. ‘गद्दार’ आणि ‘निष्ठावंत’ या दोन डब्यांत तुम्ही राजांना कुठे बसवाल?

आता जोगेंद्रनाथ मंडल. यांच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्याच लोकांनी त्यांना अर्धे विसरले आहे आणि ज्यांना ते आठवतात ते त्यांना आपल्या सोयीने आठवतात.

मंडल हे बंगालमधल्या बारिसालचे. नामशूद्र शेतकरी समाजात १९०४ साली जन्म, वकिलीचे शिक्षण, १९३७ मध्ये बंगाल विधानसभेवर. पूर्व बंगालचे चित्र आपल्या महाराष्ट्रापेक्षा वेगळे होते. जमीनदार आणि सावकार बहुतेक सवर्ण हिंदू, आणि त्यांची जमीन कसणारे मुसलमान आणि नामशूद्र. दोघांचे शेत एका बांधाला, दोघांचे कर्ज एकाच वहीत. म्हणून मंडल मुस्लिम लीगकडे गेले ते धर्मप्रेमाने नव्हे, हिशेबाने. १९४३ मध्ये नाझिमुद्दीन मंत्रिमंडळाला पाठिंबा देताना त्यांनी अटी घातल्या होत्या: मंत्रिमंडळात अनुसूचित जातींचे तीन मंत्री, त्यांच्या शिक्षणासाठी दरवर्षी पाच लाख रुपयांचे अनुदान, आणि सरकारी नोकऱ्यांत प्रमाणाच्या नियमाची काटेकोर अंमलबजावणी. २१ अनुसूचित आमदारांचा पाठिंबा हे त्यांचे भांडवल होते. किती माणसे, कशाच्या बदल्यात, सगळे उघड. आजच्या किती ‘युत्यां’चा असा मजकूर आपल्याला माहीत आहे?

आणि याच मंडलांनी १९४६ मध्ये ते केले ज्याच्यासाठी प्रत्येक आंबेडकरी माणसाने त्यांचे ऋण मानले पाहिजे. संविधान सभेचे सदस्य प्रांतिक विधानसभांतून निवडले जाणार होते. मुंबई विधानसभेत फेडरेशनचा एकही आमदार नव्हता. बाबासाहेबांना मुंबईतून वाट नव्हती. तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या बंगालमधल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना तिथून उभे केले आणि जुलै १९४६ मध्ये निवडून आणले. काँग्रेसचा दबाव होता, लोभ होता, तरी ते आमदार हलले नाहीत. महाराष्ट्राने ज्यांना पाठवले नाही त्यांना बंगालच्या नामशूद्रांनी पाठवले, हे आपल्या पोरांना शाळेच्या पुस्तकात कोणी सांगत नाही.

पुढे काय झाले? ऑक्टोबर १९४६ मध्ये लीग हंगामी सरकारात आली तेव्हा तिने आपल्या पाच जागांपैकी एक मंडलांना दिली आणि ते कायदा खात्याचे सदस्य झाले. काँग्रेसच्या बाजूने जगजीवनराम, लीगच्या बाजूने मंडल. दोन्ही मोठ्या पक्षांकडे आपापला अस्पृश्य मंत्री होता आणि बाबासाहेब बाहेर होते. फाळणीच्या वेळी मंडल बंगालचे तुकडे करण्याच्या विरोधात होते. ते झाले तेव्हा ते आपल्या लोकांच्या बहुसंख्येबरोबर, म्हणजे पूर्व बंगालबरोबर राहिले. ऑगस्ट १९४७ मध्ये पाकिस्तानच्या संविधान सभेची पहिली बैठक त्यांच्या हंगामी अध्यक्षतेखाली झाली. ते पाकिस्तानचे पहिले कायदा आणि कामगार मंत्री झाले. इकडे भारताचे पहिले कायदामंत्री बाबासाहेब. एकाच फेडरेशनचे दोन सहकारी, दोन नव्या देशांचे कायदामंत्री.

पण फरक लवकरच दिसला. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी निवेदन काढून पाकिस्तान आणि हैदराबाद संस्थानातल्या अस्पृश्यांना सांगितले की, सवर्ण हिंदूंचा राग आहे म्हणून लीगला किंवा निजामाला आपला मित्र समजू नका, जमेल तसे भारतात या. शत्रूचा शत्रू तो मित्र, या हिशेबात बाबासाहेबांचा विश्वास नव्हता. मंडलांनी तो हिशेब तीन वर्षे करून पाहिला. १९४९ च्या मार्चमध्ये कराचीत उद्दिष्टांचा ठराव झाला आणि नव्या राज्याचा पाया धर्म ठरला. १९५० च्या सुरुवातीला ढाका, बारिसाल भागात दंगली झाल्या आणि त्यात नामशूद्रांची घरे जळाली. ज्यांना मंडलांनी ‘इथेच थांबा’ म्हणून सांगितले होते तीच ही माणसे. ऑक्टोबर १९५० मध्ये मंडलांनी पंतप्रधान लियाकत अली खान यांना राजीनाम्याचे लांबलचक पत्र पाठवले. त्यात १९४३ च्या अटींपासून १९५० च्या दंगलींपर्यंत सगळे क्रमाने लिहिले आहे: काय ठरले होते, काय मिळाले, कोणी शब्द मोडला, कोणत्या गावात काय झाले.

आज हे पत्र समाजमाध्यमांवर फिरते. हिंदुत्ववादी मंडळी त्याचा उत्तरार्ध कापून दलितांना पाठवतात: बघा, मुसलमानांबरोबर गेलात की काय होते. त्यांना आमचे एवढेच म्हणणे आहे की पत्र पहिल्या पानापासून वाचा. मंडल तिकडे का गेले, सवर्ण जमीनदारांच्या बंगालमध्ये नामशूद्राला कोणत्या वागणुकीमुळे लीग जवळची वाटली, हे पहिल्या पानावर आहे. ज्या घरातून माणूस बाहेर पडला त्या घराने आधी आपला उंबरा बघावा.

आणि आपल्यातल्या ज्यांना दलित-मुस्लिम ऐक्याची घोषणा प्रिय आहे (आम्हालाही ती प्रिय आहे), त्यांनी पत्राचा उत्तरार्ध टाळू नये. मित्रपक्ष सत्तेत गेल्यावर अटींचे काय करतो, हे त्यात लिहिले आहे. मंडल भारतात परतले ते मंत्री म्हणून नव्हे. निर्वासितांच्या छावण्यांत त्यांनी काम केले, निवडणुका लढवल्या, हरले. पाकिस्तानात ते गद्दार, भारतात ‘पाकिस्तानचा माजी मंत्री’. ऑक्टोबर १९६८ मध्ये बनगावला त्यांचा मृत्यू झाला. चुकीचा मित्र निवडला, हे त्यांच्याबद्दल म्हणता येईल. पण समाजापासून हिशेब लपवला, असे कोणालाही म्हणता येणार नाही.

इथे एक प्रश्न आमच्या वाचकांपैकी कोणीतरी विचारणारच. मग बाबासाहेब स्वतः काँग्रेसच्या मंत्रिमंडळात कसे गेले? १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांचे काय केले यावर ग्रंथ लिहायचा आणि १९४७ मध्ये नेहरूंच्या शेजारी बसायचे? हा प्रश्न त्या काळच्या कार्यकर्त्यांनीही विचारला होता, आणि तो विचारणे म्हणजे बाबासाहेबांचा अपमान असे कोणी मानले नव्हते. बाबासाहेबांनी एप्रिल १९४८ मध्ये लखनौला जाहीर सभेत उत्तर दिले. आपण सरकारात गेलो आहोत, काँग्रेसमध्ये नाही. मातीचे ढेकूळ पाण्यात विरघळते, दगड विरघळत नाही, अशा अर्थाचे ते बोलणे होते. म्हणजे दारातून आत जाताना त्यांनी आपल्या लोकांना कारण सांगितले.

बाहेर पडतानाही सांगितले. २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी राजीनामा दिला आणि १० ऑक्टोबरचे निवेदन तयार केले. उपसभापतींनी ते आधी पाहायला मागितले, तेव्हा बाबासाहेब सभागृहातून बाहेर पडले आणि त्यांनी निवेदन थेट वर्तमानपत्रांना दिले. त्यात हिंदू कोड बिल आहे, अनुसूचित जातींकडे झालेले दुर्लक्ष आहे, परराष्ट्र धोरण आहे. नियोजन खाते देण्याचे आश्वासन मिळाले आणि ते पाळले गेले नाही, हेही आहे. पंतप्रधानांनी दिलेला खासगी शब्द आणि त्याचे पुढे काय झाले, हे त्यांनी सार्वजनिक नोंदीत टाकले. आपल्या नेत्यांनी आजवर किती मंत्रिपदे घेतली आणि सोडली. अशी निवेदने किती निघाली?

संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीविषयी इशारा दिला होता, तो सगळ्यांना पाठ आहे. आपण तो मोदीभक्तांना सुनावतो. आपल्याच साहेबांचे बॅनर लावताना आपल्याला तो आठवत नाही, ही गंमत आहे.

आता १९५२. पहिली सार्वत्रिक निवडणूक. फेडरेशनच्या जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिले होते की हिंदू महासभा किंवा जनसंघासारख्या प्रतिगामी पक्षांशी आणि कम्युनिस्ट पक्षाशी युती होणार नाही. कोणाशी होणार नाही हे आधी छापणे, हा एक राजकीय प्रामाणिकपणा आहे. त्याने दरवाजे बंद होतात आणि ते माहीत असूनही छापले गेले. युती झाली समाजवादी पक्षाशी. मुंबई शहर उत्तर हा द्विसदस्य मतदारसंघ होता, एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. सर्वसाधारण जागेवर समाजवाद्यांचे अशोक मेहता, राखीव जागेवर बाबासाहेब. समोर काँग्रेसचे विठ्ठल गांधी आणि नारायण काजरोळकर, शिवाय कम्युनिस्टांचे कॉम्रेड डांगे.

तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे. एकाच पेटीत दोन्ही मतपत्रिका टाकल्या तर एक बाद होई. याला म्हणत मत कुजवणे. दुसरे मत बाबासाहेबांना पडू नये म्हणून ते कुजवा, असा प्रचार गिरणगावात कम्युनिस्टांनी केला. बाबासाहेबांना १,२३,५७६ मते मिळाली, काजरोळकरांना १,३८,१३७. साडेचौदा हजारांनी संविधानाचा शिल्पकार पडला. वाया गेलेल्या मतांचा आकडा ७४,३३३ असल्याचे सांगत बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज दाखल केला, पण निकाल बदलला नाही. कामगारांच्या राज्याची भाषा बोलणाऱ्यांनी कामगार वस्तीतल्या सर्वात मोठ्या अस्पृश्य नेत्याचे मत कुजवले, हे आम्ही विसरलेलो नाही. आज डाव्यांबरोबर अनेक लढ्यांत आम्ही खांद्याला खांदा लावून असतो. म्हणून तर हे स्पष्ट बोलता येते.

दोन वर्षांनी भंडाऱ्यात पोटनिवडणूक आली. मे १९५४. पुन्हा द्विसदस्य मतदारसंघ, पुन्हा सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता, राखीव जागेवर बाबासाहेब, समोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. विदर्भातल्या कार्यकर्त्यांना मुंबईचा धडा पाठ झाला होता. आपली माणसे दोन्ही मते देतील, पण सवर्णांचे दुसरे मत बाबासाहेबांना पडणार नाही, हे ते ओळखून होते. त्या पिढीतल्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत असे सांगितले जाते की त्यांनी बाबासाहेबांकडे आग्रह धरला: आपणही या वेळी दुसरे मत कुजवू. बाबासाहेबांनी नकार दिला. हरलो तरी चालेल, पण मत वाया घालवायला मी माझ्या माणसांना सांगणार नाही, असा त्या नकाराचा आशय होता. ज्याने प्रत्येक माणसाला मताचा हक्क लिहून दिला त्याने मत कुजवा कसे म्हणायचे?

निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी पडले.

या निकालावर थोडे थांबायला हवे. युती दोघांची होती. एक जिंकला, एक हरला, आणि हरला तो अस्पृश्य. अशोक मेहतांनी दगा दिला असे आम्ही म्हणत नाही. नेता प्रामाणिक असू शकतो. पण नेत्याचा शब्द त्याच्या मतदाराच्या जातीपर्यंत पोहोचत नाही. आपली मते शिस्तीने मित्रपक्षाकडे जातात. मित्रपक्षाची मते आपल्याकडे येताना वाटेत कुठेतरी थांबतात. १९५४ पासून आजपर्यंत प्रत्येक जागावाटपात हा अनुभव येतो आणि प्रत्येक वेळी आपण नव्याने चकित होतो. तरीही, निष्ठेचे उदाहरण शोधायचे असेल तर आम्हाला ते भंडाऱ्यात सापडते. बाबासाहेब तिथे मित्रपक्षाशी एकनिष्ठ राहिले, कारण ते मताच्या तत्त्वाशी प्रामाणिक होते. त्याची किंमत त्यांनी स्वतःच्या जागेने दिली. ती त्यांची शेवटची लोकसभा निवडणूक ठरली.

१९५२ मध्ये फेडरेशनचे जे दोन खासदार लोकसभेत गेले त्यांचे काय झाले, हेही सांगू. सोलापूरचे पां. ना. राजभोज आणि करीमनगरचे एम. आर. कृष्णा. दोघेही पुढे काँग्रेसमध्ये गेले. राजभोज तर पर्वतीच्या सत्याग्रहातले लढवय्ये, पुणे कराराच्या वादात बाबासाहेबांपासून दूर गेलेले, मग फेडरेशनचे सरचिटणीस, मग काँग्रेसचे राज्यसभा सदस्य. या येण्याजाण्याचा हिशेब समाजाला कधी नीट मिळाला नाही.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतरच्या काळावर घाईने लिहितो, कारण तो सगळ्यांना तोंडपाठ आहे. संयुक्त महाराष्ट्र समितीत फेडरेशन गेले, डांग्यांच्याच शेजारी बसले. हे जाहीरनाम्याच्या विरुद्ध नव्हते का? होते. पण तिथे उद्दिष्ट एकच होते आणि ते सगळ्यांना माहीत होते: मुंबईसह महाराष्ट्र. १९५७ मध्ये फेडरेशनचे सहा खासदार निवडून आले, दादासाहेब गायकवाड नाशिकमधून आणि बी. सी. कांबळे कोपरगावमधून. महाराष्ट्र झाला, उद्दिष्ट संपले. १९६२ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे तीन खासदार आले, तिन्ही उत्तर प्रदेशातून; महाराष्ट्रातून शून्य. त्या तिघांतले अलीगढचे बुद्धप्रिय मौर्य पुढे काँग्रेसचे मंत्री झाले आणि त्यानंतर भाजपमध्ये गेले.

३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात स्थापन झालेला पक्ष दोन वर्षांत दुभंगला होता. ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’. एका बाजूला शिकलेले, घटनेची भाषा बोलणारे. दुसऱ्या बाजूला दादासाहेबांची धोतर नेसलेली, भूमिहीनांची फौज. दादासाहेब गायकवाडांच्या निष्ठेवर बोट ठेवायची आमची हिंमत नाही. काळाराम मंदिरापासून १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापर्यंत हा माणूस लोकांबरोबर तुरुंगात गेला. त्या सत्याग्रहाच्या मागण्यांत पडीक जमीन होती, किमान वेतन होते, बौद्धांना सवलती होत्या, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र होते. १९६७ मध्ये याच दादासाहेबांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी स्थानिक निवडणुकांसाठी समझोता केला. आमच्या मते चूक समझोता करण्यात नव्हती. लाखो माणसे तुरुंगात घालून ज्या मागण्या तयार झाल्या होत्या, त्या करारात पुढे असायला हव्या होत्या आणि पुढे आले ते जागांचे आकडे. बौद्धांना केंद्राच्या सवलती आणि मध्यवर्ती सभागृहातले तैलचित्र या दोन्ही गोष्टी १९९० मध्ये झाल्या, व्ही. पी. सिंगांच्या सरकारात. म्हणजे ज्या मित्राला आपण एवढी वर्षे मते दिली त्याने ते केले नाही.

जानेवारी १९७४ मध्ये मध्य दक्षिण मुंबईची पोटनिवडणूक आली, तेव्हा एरवी एकमेकांचे तोंड न बघणारे रिपब्लिकन गट काँग्रेसच्या रामराव आदिकांना पाठिंबा देण्यासाठी एकत्र आले. गावोगावच्या अत्याचारांसाठी ते एकत्र आले नव्हते. दलित पँथरने बहिष्कार पुकारला, वरळीत दंगल झाली, भागवत जाधव शहीद झाले. आदिक पडले, कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. आणि त्याच वर्षी पँथरही फुटली.

पुढे १९९८. चार रिपब्लिकन नेते एकाच वेळी लोकसभेत गेले: अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, उत्तर मध्य मुंबईतून रामदास आठवले. चारही जागा सर्वसाधारण. पुणे कराराच्या सहासष्ट वर्षांनंतर पहिल्यांदा महाराष्ट्रात मित्रपक्षाची सवर्ण मते एवढ्या प्रमाणात आपल्या उमेदवारांपर्यंत पोहोचली होती. भंडाऱ्यात जे झाले नाही ते इथे झाले. का झाले? कारण गट एक होते, समाजाची मते एका जागी होती आणि ती नसतील तर आपण पडतो हे काँग्रेसलाही ठाऊक होते.

१९९९ ची निवडणूक आली तोवर चौघांचे रस्ते वेगळे झाले होते. त्या फुटीचे कारण सांगणारे एक सामायिक निवेदन निघाले नाही. प्रत्येकाने आपापल्या सभेत दुसऱ्याला गद्दार म्हटले, टाळ्या घेतल्या आणि आपापल्या मित्रपक्षाच्या दारात जाऊन बसले. येत्या निवडणुकीत तुमच्या वस्तीत जो कोणी युतीचा निरोप घेऊन येईल, त्याच्याकडे मंडलांच्या १९४३ च्या तीन अटींसारखा एक कागद मागा. किती माणसे, कशाच्या बदल्यात, आणि शब्द मोडला तर किती दिवसांत बाहेर पडणार. तो कागद विहाराच्या फळ्यावर लावा. आम्ही आमच्या भागात येणाऱ्या प्रत्येकाकडे तो मागणार आहोत, मग तो कोणत्याही गटाचा असो.

जय भीम.